पांदणवाटांवरून वर्धा : सायकलवरील चार दिवस

पांदण हा शब्द विदर्भाबाहेरच्या वाचकांना कदाचित समजावून सांगावा लागेल. गाव संपून शेते सुरू होतात तेथून निघणारा, दोन्ही बाजूंना बांध आणि बांधांवर बाभूळ, हिवर, बोरी असलेला, जेमतेम एका बैलगाडीच्या रुंदीचा कच्चा मार्ग म्हणजे पांदण. पश्चिम महाराष्ट्रात त्यालाच पाणंद म्हणतात. नकाशावर ही वाट बहुधा दिसत नाही, फलकावर तिचे नाव नसते. परंतु गावाची सारी शेती या वाटेवरून होते. बी-बियाणे तिच्यावरून आत जाते, कापूस आणि तूर तिच्यावरून बाहेर येते, आणि दिवसभर वाकून काम केलेल्या मजूर स्त्रिया संध्याकाळी तिच्यावरूनच घरी परततात.

डांबरी रस्ता सोडून अशा मुरमाच्या आणि मातीच्या वाटांवरून लांबवर सायकल चालवणे, हा गेल्या काही वर्षांत जगभर रुजलेला छंद आहे. त्याचे माहेर म्हणून इटलीतील टस्कनी प्रांताकडे बोट दाखवले जाते. द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांमधून जाणाऱ्या पांढऱ्या खडीच्या रस्त्यांना तेथे ‘स्ट्राडे बियांके’ म्हणजे ‘पांढरे रस्ते’ असेच म्हणतात. हे रस्ते एकेक करून डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा काही सायकलप्रेमींनी 1997 साली कियांती भागातील गायोले या गावातून ‘लेरोइका’ नावाची सायकलयात्रा सुरू केली. जुन्या सायकली, लोकरीचे जुने पोशाख आणि धुळीने माखलेले चेहरे असे तिचे स्वरूप. हेतू मात्र गंभीर होता. लोक या रस्त्यांवर आले, तर रस्ते वाचतील. पुष्कळ अंशी तसेच झाले.

हे वाचल्यावर मनात आले, की नदी, बागा, प्राचीन स्थळे आणि कच्च्या वाटा या चारही गोष्टी आपल्या वर्धा जिल्ह्यात असताना त्या पाहण्यासाठी इटलीस जाण्याचे काय कारण? म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे मित्र, सारे पन्नाशी ओलांडलेले, चार दिवसांसाठी निघालो. एकूण अंतर पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास झाले. ज्याला सायकलची सवय आहे त्याच्या दृष्टीने हे काहीच नाही. आम्हाला ते पुरेसे होते.

सेवाग्राम : पाचशे रुपयांचे घर

वर्धा शहरापासून सेवाग्राम सुमारे आठ किलोमीटर. डिसेंबरच्या सकाळी सातला निघाले, की ऊन अंगावर येण्याआधीच माणूस आश्रमात पोहोचतो. गांधीजी 1936 मध्ये येथे राहावयास आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. 1940 मध्ये ते सेवाग्राम झाले. आपले निवासस्थान स्थानिक साहित्याचे असावे आणि त्याचा खर्च पाचशे रुपयांपुढे जाऊ नये, ही त्यांची अट होती. माती, बांबू, लाकूड आणि कौले यांची ती ‘आदी निवास’ ही वास्तू आजही उभी आहे. तेथील गारवा अनुभवताना कळते, की मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जाणाऱ्या या मुलखासाठी मातीची जाड भिंत हेच उत्तम औषध होते.

डॉक्टराने तेथे दोन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. एक म्हणजे परचुरे कुटी. कुष्ठरोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांना गांधीजींनी आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. त्या काळी या रोगाला बहुविध औषधोपचार नव्हता आणि समाजाची भीती मात्र अपार होती. दुसरी गोष्ट म्हणजे आश्रमाजवळचे कस्तुरबा रुग्णालय आणि डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने 1969 मध्ये उभे राहिलेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय. ग्रामीण भागासाठी खेड्यात काढलेले ते देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय होय.

गांधीजी सकाळ-संध्याकाळ चालत. भेटीस आलेल्या माणसाला त्यांच्याशी बोलायचे, तर बहुधा बरोबर चालावे लागे. आरोग्यावरचे ‘आरोग्याची गुरुकिल्ली’ हे छोटे पुस्तक त्यांनी 1942 मध्ये आगाखान पॅलेसच्या बंदिवासात लिहिले. त्यातील प्रत्येक मत आज वैद्यकशास्त्राला मान्य होईल असे नाही. मात्र शरीर ही रोज वापरायची वस्तू आहे, ही त्यामागची धारणा आजही तितकीच खरी आहे.

पवनार : पाच मिनिटांची खोदाई

सेवाग्रामहून पवनारकडे आम्ही मुख्य रस्ता टाळून शेतांमधून गेलो. कपाशीची बोंडे फुटलेली होती, तूर माथ्याइतकी उंच होती. मुरमावरून जाताना चाकाखाली एक बारीक करकर सतत ऐकू येते. डांबरी रस्त्यावरील सायकलस्वाराला वाहनांचे आवाज ऐकावे लागतात, येथे आम्हाला कोतवाल पक्षी आणि दूरवरचे ट्रॅक्टर ऐकू येत होते.

पवनार धाम नदीच्या काठी आहे. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. याच प्रवरसेनाच्या नावावर ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातील काव्य आहे. आपल्या भाषेच्या पूर्वजेत काव्य लिहिणारा राजा या नदीकाठी वावरला, हे मनात ठेवून घाटाच्या पायऱ्यांवर बसावे. नदीच्या मध्यभागी खडकावर गांधीजींच्या अस्थिविसर्जनाची स्मृती सांगणारी छत्री आहे.

आरोग्याच्या दृष्टीने मला पवनारची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती विनोबांची. 1938 मध्ये ते येथे आले ते आजारी अवस्थेत. वजन 88 पौंडांवर आले होते. त्यांनी स्वतःवर केलेला उपचार विलक्षण साधा होता. मनातील सारी कामे बाजूस ठेवणे, मोकळ्या हवेत राहणे आणि शेत खोदणे. पहिल्या दिवशी अगदी काही मिनिटे, मग रोज थोडी थोडी वाढ. काही महिन्यांत प्रकृती सुधारली आणि वजन भरून आले. या खोदाईतच त्यांच्या कुदळीला राम-भरत भेटीचे प्राचीन शिल्प लागले. ते आजही आश्रमात आहे, आणि आसपास सापडलेली इतर वाकाटककालीन शिल्पेही तेथे पाहावयास मिळतात. पुढे 1951 पासून तेरा वर्षे याच माणसाने भूदानासाठी भारत पायी पालथा घातला. 1959 मध्ये त्यांनी येथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले आणि 15 नोव्हेंबर 1982 रोजी येथेच देह ठेवला.

व्यायाम सुरू करणाऱ्या माझ्या रुग्णांना मी हीच कथा सांगतो. बहुतेकांची चूक पहिल्या आठवड्यात होते. उत्साहाच्या भरात वीस किलोमीटर सायकल, मग चार दिवस गुडघे धरून बसणे, आणि मग सायकल गच्चीवर. विनोबांची खोदाई ध्यानात ठेवावी. पहिला आठवडा रोज पंधरा मिनिटे पुरे. त्यानंतर दर आठवड्याला थोडी वाढ करावी. स्नायू लवकर तयार होतात, सांधे आणि स्नायुबंध सावकाश. म्हणून दम टिकतो आहे एवढ्यावरून शरीर तयार झाले असे समजू नये.

बोर आणि केळझर

पवनारहून सेलू आणि तेथून हिंगणी मार्गे बोर धरण. सेलूचा परिसर एकेकाळी केळीच्या बागांसाठी ओळखला जाई. आता मधूनच संत्र्याची बाग लागते. जिल्ह्यातील संत्र्याचा खरा मुलूख पश्चिमेकडे, आर्वी, आष्टी आणि कारंजा तालुक्यांत. ज्यांना टस्कनीचे द्राक्षमळे आठवायचे आहेत त्यांनी आंबिया बहाराची फळे उतरत असताना तिकडे जावे. झाडाखाली संत्र्यांचे ढीग, लाकडी पेट्या, आणि बागवानाने हातावर ठेवलेले सालीसकट ऊबदार फळ. सायकलस्वारास याहून उत्तम अल्पोपाहार नाही. दोन संत्री आणि मूठभर शेंगदाणे यांत पाणी, साखर, क्षार आणि स्निग्धता सारेच आले. महागडी पेयपाकिटे विकत घेण्याचे कारण उरत नाही.

बोर अभयारण्य 1970 मध्ये घोषित झाले आणि 2014 मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जंगलाच्या आत सायकल नाही, आणि जंगलालगतच्या पांदणींवर सूर्योदयापूर्वी व सूर्यास्ताच्या सुमारास जाणे नाही. वाघाचा अधिवास शेतांना खेटून आहे. त्या गावांतील शेतकऱ्याला रात्री रोही आणि रानडुकरे हाकलण्यासाठी जागलीला जावेच लागते. आपण हौसेने आलेलो असतो, आपण टाळू शकतो. आम्ही दुपारी दोनलाच मुक्काम गाठला.

परतताना केळझर. येथील सिद्धिविनायकाचे मंदिर प्रसिद्ध आहे आणि हीच महाभारतातील एकचक्रानगरी, येथेच भीमाने बकासुराला मारले, असे परंपरा सांगते. मंदिर उंचावर आहे. गाव ओलांडून चढ चढताना आमच्यापैकी दोघे उतरून सायकल ढकलत गेले. त्यात कमीपणा मानू नये. चढावर हृदयाचे ठोके झपाट्याने वाढतात. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर श्रम मध्यम आहेत, दोन-तीन शब्दांतच दम लागत असेल तर ते तीव्र आहेत, आणि छातीत दाब, जबड्यात वा डाव्या हातात दुखणे, घेरी किंवा अकारण घाम यांपैकी काही जाणवले तर ‘थोडे पुढे जाऊ या’ असे न म्हणता तत्काळ थांबावे आणि रुग्णालय गाठावे.

हिंगणघाट : एका मोजणीदाराची समाधी

तिसऱ्या दिवशी आम्ही दक्षिणेस वळलो. वर्धा ते हिंगणघाट हा सारा काळ्या मातीचा प्रदेश. जमीन सपाट वाटते, परंतु सायकलवर तिचे चढउतार मांड्यांना कळतात. प्रत्येक ओढ्याशी उतार आणि त्यानंतर चढ. बेसॉल्ट खडक झिजून ही माती झाली आणि त्याच खडकाचा अर्धवट झिजलेला थर म्हणजे मुरूम. निसर्गानेच येथे शेत आणि रस्ता यांचे साहित्य एकमेकांवर रचून ठेवले आहे.

हिंगणघाट वेणा नदीकाठी वसलेले. येथील कापूस एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत नाव मिळवून होता. गावात एक समाधी अशी आहे, की जिच्याविषयी जिल्ह्यातल्याच अनेकांना ठाऊक नसते. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रवर्तक विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे जात असता 20 जानेवारी 1823 रोजी येथे मरण पावला. 1802 मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्याने हे काम आरंभिले होते. सुमारे अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र माणसांच्या आणि बैलांच्या बळावर डोंगरांवर, मंदिरांच्या शिखरांवर चढवीत, त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत तो उत्तरेकडे सरकत होता. त्याचे उरलेले काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले. या एव्हरेस्टचे नाव जगातील सर्वोच्च शिखराला मिळाले, आणि ज्याने पाया घातला तो येथे, कापसाच्या बाजारपेठेत, विसावला. चार इंच खडबडीत मुरूम ओलांडताना कुरकुरणाऱ्या आम्हा मंडळींना त्या समाधीपाशी थोडे गप्प व्हावे लागले.

गिरड आणि हळदीचे शिवार

शेवटचा दिवस समुद्रपूर तालुक्याचा. याच तालुक्यातील वायगाव हळद्या या गावाच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. कुर्क्युमिनचे प्रमाण अधिक असलेली ही गडद रंगाची हळद. डिसेंबरात पाने पिवळी पडू लागतात, काढणी पुढे होते. येथे वैद्य म्हणून एक वाक्य जोडतो. हळद स्वयंपाकात उत्तम, मात्र मधुमेहाची वा रक्तदाबाची गोळी बंद करून तिच्या जागी हळदीचे चूर्ण घेणे हा उपचार नव्हे.

गिरडच्या टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू आणि मुसलमान दोघेही येथे येतात. टेकडीवर सुपारी-जायफळाच्या आकाराचे गोल खडे सापडतात. एका व्यापाऱ्याने फकिराशी खोटेपणा केला आणि त्याच्या मालाचे दगड झाले, अशी आख्यायिका आहे. भूशास्त्राच्या दृष्टीने त्या ज्वालामुखीय खडकातील खनिजांच्या गाठी. माझ्या मित्राने खिशात घातलेला एक खडा वाटेतच परत ठेवला. कारण विचारले तर म्हणाला, ‘‘डॉक्टर, मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे, पण उगाच कशाला?’’

भोजन त्या दिवशी एका शेतात मिळाले. ज्वारीची भाकरी, तुरीचे हिरवे दाणे घातलेले वांग्याचे भरीत, ठेचा, आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा. तंतुमय पदार्थ, प्रथिने आणि सावकाश पचणारी पिठूळ द्रव्ये यांचे असे प्रमाण आहारतज्ज्ञाला कागदावर मांडूनही सहज साधणार नाही. आता खेड्यांतील दुकानांतही टांगलेली चकाकती पाकिटे या जेवणाची जागा घेत आहेत. माझ्या दवाखान्यात पस्तिशीतील शेतकरी मधुमेही म्हणून येतो, तेव्हा त्याचे कारण त्या पाकिटांत आणि दारातील मोटारसायकलीत मला पुष्कळदा दिसते.

‘पावसाळ्यात या मंग’

त्याच दिवशी एका पांदणीवर एक वृद्ध शेतकरी भेटले. आम्हाला थांबवून त्यांनी विचारले,

‘‘कोठून येऊन राहिले जी?’’

‘‘वर्ध्याहून, काकाजी.’’

‘‘अन् चांगली सडक सोडून इकडं कायले आले?’’

‘‘हवा खायला. बघायला.’’

ते हसले. ‘‘मंग बरं हाय. या रस्त्यानं आता आम्हीच येतो अन् डुकरं येतात. पावसाळ्यात या मंग. दाखवतो तुम्हाले रस्ता.’’

त्यांच्या म्हणण्यातील बोच मी पूर्ण जाणतो. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये माझ्याकडे सर्पदंश झालेली एक मजूर स्त्री आणली गेली. निंदण करताना पायाला दंश झाला होता. शेत ते डांबरी रस्ता हे अंतर दीड किलोमीटर. पांदणीत गुडघाभर चिखल. बैलगाडी रुतली, मोटारसायकल आत येईना. अखेर तिला बाजेवर घालून चार जणांनी खांद्यावरून आणले. रस्त्यापर्यंत पोहोचण्यातच एक तासाहून अधिक वेळ गेला. मी प्रथमोपचार करून तिला पुढे रुग्णालयात पाठविले, तेथे प्रतिविष मिळाले आणि ती वाचली. विषबाधेत तास हा फार मोठा काळ असतो. त्या दिवशी माझ्या ध्यानात आले, की पांदण हा केवळ शेतीचा प्रश्न नाही, तो आरोग्याचाही आहे.

दोन्ही बाजूंनी नांगर एकेक तास आत सरकतो आणि पांदण अरुंद होत जाते. कडेची झाडे जातात, पाण्याला वाट उरत नाही, आणि पहिल्या पावसात तिचा नाला होतो. शेत आणि पाणंद रस्त्यांसाठी राज्यशासनाच्या योजना आहेत. ज्या गावांनी आपसांत बसून अतिक्रमण दूर केले आणि मुरूम टाकून कडेला चर काढले, तेथे ऑगस्टमध्येही गाडी शेतापर्यंत जाते. अशा दोन पांदणींवरून आम्ही गेलो. सायकलवरून फरक लगेच कळतो.

याच जिल्ह्यातून समृद्धी महामार्गही जातो. त्यावरून मोटारी क्षणार्धात तालुका ओलांडतात. सायकलला तेथे प्रवेश नाही, आणि तसा तो नसणेच योग्य. आम्ही त्याच्या खालच्या बोगद्यातून पलीकडच्या शेतात गेलो, तेव्हा वर गाड्यांचा घोंघावणारा आवाज होता आणि समोर कापूस वेचणाऱ्या बाया. 2006 साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. येथील देखावा सुंदर आहे, एवढे म्हणून सायकलस्वाराने पुढे जाऊ नये. थांबावे, विचारपूस करावी, शेतमाल विकत घ्यावा, आणि शेतात पाय ठेवण्याआधी परवानगी मागावी.

कुटुंबासह निघण्यापूर्वी

*ऋतू.* नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. फेब्रुवारीच्या अखेरीस पळस फुलतो, त्यानंतर दिवसा सायकल नको. पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटून चाक फिरेनासे होते. शिवाय गवतातील चिगर माइटच्या चाव्याने स्क्रब टायफस होण्याचा धोका असतो. सहलीनंतर दोन आठवड्यांत ताप आला आणि अंगावर काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती अवश्य द्यावी.

*फवारणी.* ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात कपाशीवर कीटकनाशके फवारली जातात. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजुरांचे बळी गेले. फवारणी चालू असलेल्या शेताच्या वाऱ्याच्या दिशेस थांबू नये, आणि शेतातील काहीही न धुता खाऊ नये.

*सायकल.* लाख रुपयांची सायकल लागत नाही. टायर रुंद असावा, पस्तीस ते पंचेचाळीस मिलिमीटर. त्यात हवा डांबरी रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवली म्हणजे धक्के कमी बसतात. हवेचे टायर व्यवहारात आणणारा जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधील गुरांचा डॉक्टर होता. 1888 मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकीचे धक्के कमी करण्यासाठी त्याने ही युक्ती योजली, हे आम्हा वैद्यांना सुखावणारे आहे. पंक्चरचे साहित्य आणि जादा ट्यूब मात्र हवीच. बाभळीचा काटा आणि सराटे कोणालाही सोडत नाहीत.

*बैठक.* सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवली असता गुडघा सरळ व्हावा, इतकी सीटची उंची ठेवावी. सीट खाली असेल तर गुडघ्याची वाटी दुखते. करंगळी बधिर होत असेल तर तळहातावरील दाब कमी करावा, कोपर किंचित वाकवावे आणि पकड बदलत राहावी. दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडा वेळ पेडलवर उभे राहावे. गुडघ्याच्या सौम्य संधिवातात सायकल चालण्याहून सोयीची, कारण शरीराचा भार सीट उचलते.

*पाणी.* तहान लागण्याची वाट पाहू नये. लांबच्या वाटेवर ओआरएस ठेवावे. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. गरोदर स्त्रिया, हृदयरोगी आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

*मधुमेह.* इन्सुलिन वा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. खिशात साखर वा ग्लुकोज असावे, आणि बरोबरच्या माणसाला हात थरथरणे, घाम, गोंधळ ही लक्षणे ठाऊक असावीत. चाळिशीनंतर रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान वा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर मोठ्या सहलीपूर्वी तपासणी करून घ्यावी.

*दंश.* साप चावल्यास करकचून पट्टी बांधणे, चिरा देणे, रक्त चोखणे यांतील काहीही करू नये. अवयव हलू देऊ नये, धीर द्यावा, 108 क्रमांकावर संपर्क साधावा आणि रुग्णालय गाठावे. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी.

*डोके.* हेल्मेट मुलांसह सर्वांना. मागे लाल परावर्तक असावा. अंधार पडण्यापूर्वी मुक्काम.

मुले आणि वाट

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम हवा, मुलांना रोज सरासरी एक तास. पालक मला विचारतात, की शहरात मुलांना सायकल कोठे चालवू द्यायची? रस्त्यांवर ट्रक, मैदानांवर इमारती. प्रश्न रास्त आहे. वर्ध्यासारख्या गावातील पालकांसाठी त्याचे एक उत्तर तीन-चार किलोमीटरवर पडलेले आहे. रविवारी सकाळी मुलांना घेऊन सेवाग्रामपर्यंत जावे, आश्रमाच्या अंगणात बसावे, परतताना गावातून गोरसपाक घ्यावा. एकूण अंतर सोळा किलोमीटर. पुढच्या रविवारी पवनार. बारा वर्षांच्या मुलाला हे सहज जमते, आणि आजोबांना बॅटरीच्या सायकलीवर बरोबर नेता येते.

इटलीतील पांढरे रस्ते वाचले ते त्यांवरून कोणी जाऊ लागले म्हणून. आपल्या पांदणी हौशी सायकलस्वारांसाठी वाचवाव्यात असे मी म्हणणार नाही. त्या ज्यांच्या आहेत त्यांच्यासाठी वाचल्या पाहिजेत. मात्र ज्या मुलाने बालपणी त्या वाटेवर तुरीच्या शेंगा खाल्ल्या आहेत, ते पुढे अभियंता झाले, तहसीलदार झाले किंवा डॉक्टर झाले, तर ऑगस्टमधील चिखल त्याच्या कागदावर निदान एक ओळ होऊन येईल. येत्या जानेवारीत आम्ही आर्वी आणि आष्टीकडे जाणार आहोत. या वेळी चौघांची दोन मुले आणि एक नात बरोबर येणार आहेत. नातीची सायकल लहान आहे, म्हणून दिवसाचे अंतर पंधरा किलोमीटरांवर आणले आहे.